तुमचं ताट घेऊन येत आहेत

“आडनाव काय म्हणालात?” नानासाहेबांनी विचारलं.

मी काही म्हणालेच नव्हते. “नमस्कार, मी केतकी, ॲपच्या कामासाठी पुण्याहून आलेय,” एवढंच बोलले होते. “टिपणीस,” मी सांगितलं.

“अरे वा! आमच्या साडूंच्या शेजारी टिपणीस राहायचे. फार सज्जन माणसं.” मास्कच्या वर दिसत होता तेवढा नानासाहेबांचा चेहरा खुलला आणि आत वळून त्यांनी हाक मारली, “मामा, मॅडमना चहा आणा. आलं घालून.”

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे हवापाणी विचारण्यासारखंच. चहा चांगला होता. तो पिऊन मी कामाला लागले.

नगरमधली ‘अन्नछाया’ ही शाकाहारी थाळीची नावाजलेली जागा. टाळेबंदी उठून हॉटेलं नुकती उघडली होती. लोक बाहेर जेवायला हपापलेले होते आणि तितकेच घाबरलेलेही. नानासाहेबांच्या मुलाला, सारंगला, असं ॲप हवं होतं की गिऱ्हाइकानं कशाला हात लावायला नको आणि कुणाशी बोलायलाही नको. टेबलावरच्या कोडवर फोन धरायचा, थाळी निवडायची, वाटी रिकामी झाली की पडद्यावरच्या वाटीच्या चित्रावर बोट ठेवायचं. वाढप्याच्या फोनवर घंटी वाजणार, तो येऊन वाढून जाणार. हे सगळं कसं दिसेल, कसं चालेल, ते आखायचं काम माझं होतं.

पण थाळीच्या हॉटेलात ऑर्डर अशी नसतेच, हे तिथे गेल्यावर कळलं. पूर्वी एकाच ताटात पाच जण वाढत. एकाकडे भाज्या, एकाकडे आमटीची बादली, एकाकडे पोळ्यांची टोपली. पाचही जण हॉलभर फिरत आणि कोण कुणाला काय वाढून गेला याचा कुणाला पत्ता नसे. साथीमुळे ते बंद झालं. आता एका टेबलाला एकच वाढपी असं ठरलं.

“सगळं ठीक आहे ताई,” मामा माझा फोन हातात घेऊन म्हणाले, “पण ह्याच्यात आग्रह कुठाय?”

मामा म्हणजे हॉलचे मुख्य. पन्नाशी ओलांडलेले, अंगानं भरलेले, आवाज असा की या टोकाला ‘पोळी’ म्हटलं की त्या टोकाचा माणूस ताट पुढे करील. नानासाहेब त्यांना मामा म्हणत, गिऱ्हाइकं मामा म्हणत, गिऱ्हाइकांची पोरं मामा म्हणत. वीसेक वर्षांत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

“हवं असेल तर माणूस स्वतःच बोट ठेवील की, मामा.”

“नाय ठेवत. आपला माणूस पोटात भूक असली तरी पैलं नको म्हणतो. आपण म्हणायचं, अर्धी तरी घ्या. मंग तो दोन खातो. तुमच्या फोनला नको म्हणलं की फोन गप बसतो. असल्या यजमानाकडं कोण जेवंल?”

मला पटलं. मी ॲपमध्ये तसा निरोपच घातला. गिऱ्हाइकानं ‘पुरे’वर बोट ठेवलं की पडद्यावर यायचं, ‘अर्धी तरी घ्या!’ मामांनी ते वाचलं आणि मोठ्यानं हसले. “पुराणिक, अरे बघ, माझं बोलणं छापून आलं!”

विनायक पुराणिक हे मामांच्या बरोबरीनं लागलेले दुसरे जुने वाढपी. उंच, किडकिडीत, शब्द जपून वापरणारे. त्यांनी वाकून पाहिलं आणि “हं” म्हणाले. तेवढं म्हणजे पुराणिकांची शाबासकीच.

मग सारंगच्या डोक्यात आणखी एक कल्पना आली. त्या दिवसांत हॉटेलवाले आपल्या माणसांचा ताप मोजून गिऱ्हाइकांना दाखवत. सारंग म्हणाला, “नुसता ताप नको. प्रत्येक वाढप्याचं पूर्ण नाव आणि फोटो पण टाका. ‘तुमचं ताट घेऊन येत आहेत’ आणि पुढे नाव. खाली एक बटण द्या, ‘वाढपी बदला’. एखाद्याला वाटलं हा खोकतोय, तर त्याला दुसरा मागता आला पाहिजे. लोकांना विश्वास वाटतो हो त्यानं.”

वाढप्यानं सकाळी आल्यावर आपल्या फोनवर आपलं नाव भरायचं, ताप भरायचा, की तो कामावर हजर. मामांनी नाव एका बोटानं, जिभेचं टोक दातात धरून भरलं: दशरथ ओव्हाळ. फोटोसाठी ते मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

“एवढी वर्षं झाली, पण माझं नाव हॉटेलात लागतंय ते आजच,” ते म्हणाले. “ताई, ते चित्र मला पाठवा. माझी लेक पंधरवड्याला फोन करते, तिला दाखवतो. ती म्हणती, पप्पा, तुम्हाला तिथं नाव तरी आहे का?”

मी पाठवलं. जावईबापूंनी लगेच अंगठा धाडला म्हणून मामा दिवसभर खुशीत होते.

नेहमीच्या गिऱ्हाइकांवर चाचणी सुरू झाली. मी गल्ल्याशेजारी लॅपटॉप उघडून बसायचे आणि कोणत्या टेबलावर कुठलं बटण दाबलं जातंय ते बघायचे. ‘वाढपी बदला’ फारसं कुणी दाबत नव्हतं. पण जेव्हा दाबलं जाई, तेव्हा एकाच माणसासाठी.

मला वाटलं, ॲपमध्ये गोंधळ आहे. पुण्याला फोन केला, कोड तपासून घेतला. गोंधळ नव्हता. मामांचा ताप पाहिला, तोही ठीक. मग मी ते नाव पुन्हा एकदा वाचलं, आणि या वेळी नानासाहेब नावं जशी वाचतात तसं वाचलं. ओव्हाळ. आमच्या भागात हे आडनाव ऐकल्यावर जात विचारावी लागत नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली. हीच माणसं याच मामांच्या हातच्या पोळ्या वर्षानुवर्षं ओरपत होती!

नानासाहेबांच्या ते माझ्या आधी लक्षात आलं होतं. त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटून घेतलं.

“मी असलं काही मानत नाही हो. आमच्या घरात कुणीच मानत नाही. पण गिऱ्हाइकाला काय सांगणार? धंदा आहे.” त्यांनी सुस्कारा सोडला. “ॲपचं उद्घाटन झालं की मामांना मागे घेतो. कोठी बघतील, भांड्यांकडे लक्ष देतील. वयही झालंय त्यांचं. किंवा असं करा ना, त्यांचं नाव नुसतं ‘मामा’ ठेवा.”

“मग सगळ्यांचीच आडनावं काढते,” मी म्हटलं.

“छे छे! पुराणिकांचं कशाला काढता? ते नाव बघून लोकांना बरं वाटतं.”

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. मानत नाही म्हणायचं आणि कुठल्या नावानं बरं वाटतं तेही पक्कं ठाऊक! सुंभ जळतो, पीळ जात नाही, तो हा असा.

मी बाहेर येऊन आमच्या साहेबांना, मिलिंदला, फोन लावला. सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “केतकी, आपण ॲप करतो, समाजसुधारणा नाही. तो म्हणतो ते कर आणि परत ये.”

दुपारी हॉल रिकामा झाल्यावर मामा माझ्यासमोर येऊन बसले. पुराणिक पलीकडे रुमालांच्या घड्या घालत होते.

“ताई, ह्या फोनचं काय तरी बिघडलंय. घंटी वाजती, मी ताट उचलतो, आन् तेवढ्यात टेबल दुसऱ्याकडं जातंय. मी इथं ताट घेऊन उभा खुळ्यासारखा.”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेऊ शकले असते. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडावरून त्यांनी ते वाचलंच.

“कोणती टेबलं?” त्यांचा आवाज बदलला.

“राहू द्या, मामा.”

“कोणती?”

“खिडकीजवळचं सात नंबर. आणि...”

“सात नंबर? रोकडे सर?” मामा उभेच राहिले. “अहो, त्यांच्या नातीचं उष्टावण ह्याच हॉटेलात झालं. पैला घास मामानं द्यायचा असतो. पोरीचा मामा मुंबईहून यायला उशीर झाला, मुहूर्त चालला. सर मला म्हणाले, तुम्ही मामाच ना, मग तुम्हीच द्या. मी ह्या हातानं पोरीच्या तोंडात खीर घातली. टाळ्या वाजवल्या लोकांनी!” त्यांनी तो हात टेबलावर आपटला. “हात चालला. नाव आल्यावर पोटात दुखलं व्हय?”

पुराणिकांच्या घड्या थांबल्या होत्या.

“नानासाहेब म्हणतात...” मी अडखळले, “उद्घाटनानंतर तुम्हाला कोठीवर... नाहीतर नाव नुसतं मामा ठेवायचं.”

“कोठीवर जाणार नाही आन् नाव काढू देणार नाही. लेकीला पाठवलंय ते. मामा मामा म्हणून लय दिवस काढले. हॉलमध्ये राहीन तर दशरथ ओव्हाळ म्हणून राहीन, नायतर हे घ्या तुमचं फडकं, मी चाललो.” खांद्यावरचं फडकं त्यांनी काढलं, मुठीत आवळलं आणि पुन्हा खांद्यावर टाकलं. “पण उद्घाटन करून जाईन. ताटं आपण मांडलीत.”

उद्घाटनाला माणसं लागणार होती, म्हणून नानासाहेबांनी त्या एका दिवसापुरतं मामांना हॉलमध्ये राहू दिलं. मुख्य पाहुणे होते भाऊसाहेब. शहरातले मोठे बांधकाम व्यावसायिक. त्यांच्या नव्या इमारतीत ‘अन्नछाया’च्या दुसऱ्या शाखेसाठी जागा मिळवायचा नानासाहेबांचा बेत होता. मला तंबी मिळाली: भाऊसाहेबांच्या टेबलाला पुराणिकच लागले पाहिजेत. मी तसं लावून दिलं.

उद्घाटनाच्या सकाळी वाढपी एकेक करून आले, कपाळाला ताप मोजायची बंदूक लावून घेतली आणि फोनवर हजेरी भरू लागले. मी लॅपटॉपवर बघत होते. संतोष बोरुडेचं नाव आलं: संतोष ओव्हाळ. मला वाटलं, माझेच डोळे. मग लोटके आला. किरण ओव्हाळ. मग खेडकर. बाळू ओव्हाळ.

मी बोरुडेकडे पाहिलं. तो अगदी मन लावून वाट्या पुसत होता.

“बोरुडे, हे काय आहे?”

“काय ताई? तुम्हीच म्हणालात ना, ज्याचं नाव त्यानं भरायचं.” आणि वाटी उजेडात धरून तिच्यात तोंड बघू लागला.

पुराणिकांचं नाव मात्र जिथल्या तिथे होतं. ते फोन हातात धरून कितीतरी वेळ भिंतीशी उभे होते. मग त्यांनी फोन खिशात घातला आणि पोळ्यांची टोपली उचलली. मी म्हटलं, शेवटी आले आपल्या वळणावर. नानासाहेबांचा हुकमी पत्ता जागेवर होता.

चाचणीसाठी माझंही एक नाव वाढप्यांच्या यादीत सर्वांत शेवटी घालून ठेवलेलं होतं. केतकी टिपणीस. ते काढायचं राहिलं होतं. मी ते उघडलं, टिपणीस खोडलं आणि दुसरं आडनाव भरलं. त्याला फार विचार लागला नाही. राग असला की हात लवकर चालतो.

दुपारी हॉल गच्च भरला. भाऊसाहेबांनी फीत कापली. नानासाहेबांनी माईकवरून जाहीर केलं की आता आपले सन्माननीय पाहुणे स्वतःच्या फोनवरून पहिली थाळी मागवतील. भाऊसाहेबांनी कोडवर फोन धरला, थाळीवर बोट ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या पडद्यावर पहिलं टेबल लागलं. तुमचं ताट घेऊन येत आहेत: विनायक ओव्हाळ.

मी झटकन मान वर केली. पुराणिक आतल्या दारात उभे होते. कपाळ घामानं डवरलेलं, फोन अजून हातातच. शेवटच्या क्षणी केलं होतं त्यांनी.

भाऊसाहेबांनी नाव वाचलं. कपाळाला आठी पडली. बोट खाली सरकलं. वाढपी बदला. संतोष ओव्हाळ. पुन्हा बदला. किरण ओव्हाळ. बदला. बाळू ओव्हाळ. बदला. दशरथ ओव्हाळ. हे बटण तर त्यांनी असं दाबलं की फोन टेबलावर घसरला. आणि मग शेवटचं नाव आलं, केतकी ओव्हाळ.

मी उठले, ताट उचललं आणि निघाले.

“नाना, काय चाललंय हे?” भाऊसाहेब म्हणाले. “एका घरातलीच सगळी माणसं भरलीत काय तुम्ही?”

नानासाहेबांनी त्यांच्या खांद्यावरून फोनमध्ये पाहिलं, मग मला ताट घेऊन येताना पाहिलं, आणि त्यांचा धीर सुटला. “नाही नाही भाऊसाहेब, गैरसमज होतोय! ह्या ओव्हाळ नाहीत. ह्या टिपणीस. चांगल्या घरच्या आहेत!”

माईक त्यांच्या हातातच होता, आणि चालू होता. ‘चांगल्या घरच्या’ हॉलच्या चारही कोपऱ्यांत ऐकू गेलं.

मी होते तिथे उभी राहिले. मामा मधल्या रांगेत पाण्याचा जग घेऊन उभे होते. त्यांनी तो जग शेजारच्या टेबलावर सावकाश ठेवला.

“आन् मी कुठल्या घरचा, नानासाहेब?”

“मामा, मला तसं म्हणायचं नव्हतं...” नानासाहेब माईक बंद करायला बटण शोधू लागले. “तुम्हाला ठाऊक आहे, मी असलं काही मानत नाही.”

“मानत नाय ना? मंग बटन काढा.”

“आपण नंतर बसून बोलू,” सारंग पुढे धावला. “मामा, लोक बघतायत.”

“बघू द्या. आजवर माझ्याकडं बघितलंच कुठं कुणी? खोकला न्हाय, ताप न्हाय, मंग कुणासाठी बटन हाये ते? काढा. माझं नाव ऱ्हाऊ द्या आन् बटन काढा.” मामांचा आवाज चढलेला होता, आणि तो चढलेला असावा असंच मला वाटत होतं. “ह्या सगळ्यांनी माझं आडनाव लावलंय, ते मला काय म्हाईत नव्हतं. मी एकट्यानंच स्वतःचं लिवलंय.”

पुराणिकांनी पोळ्यांची टोपली गल्ल्यावर आणून ठेवली. बोरुडेनं आमटीची बादली खाली ठेवली. लोटके आणि खेडकर हात बांधून त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

“बटण निघालं की वाढतो,” पुराणिक म्हणाले. एवढं लांबलचक बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

भरलेला हॉल, उपाशी माणसं, समोर रिकामी ताटं. मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, पोळी आणा की!” नानासाहेबांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं, सारंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काढा हो मॅडम. काढून टाका.”

मी ताट भाऊसाहेबांपुढे ठेवलं, लॅपटॉपशी गेले आणि ते बटण काढून टाकलं. आयुष्यात इतकं सोपं आणि इतकं आवडीचं काम मी दुसरं केलेलं नाही.

मामांनी बोरुडेची बादली उचलली आणि थेट पहिल्या टेबलाशी गेले. “आमटी वाढू, भाऊसाहेब? अर्धी वाटी तरी?”

भाऊसाहेबांनी वाटीवर हात ठेवला. तिखट चालत नाही म्हणाले. मग त्यांना कसलीशी बैठक आठवली आणि ते निघून गेले. नानासाहेब त्यांच्या मागे गाडीपर्यंत धावले. ती जागा ‘अन्नछाया’ला मिळाली नाही असं पुढे कानावर आलं. मला त्याचं यत्किंचितही वाईट वाटलं नाही.

सात नंबरवर रोकडे सर ताटात मान घालून जेवत होते. त्यांची नात मात्र खुर्चीवर गुडघे टेकून ओरडली, “मामा, पापड!” मामांनी तिला दोन पापड दिले. सरांना काही विचारलं नाही. आग्रहही केला नाही.

मिलिंदनं मला संध्याकाळीच त्या कामावरून काढलं, आणि थोड्या दिवसांनी मीही त्याची कंपनी सोडली. त्याला आता बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, राग विसरावा. मी काही तो विसरलेले नाही, आणि विसरायचा विचारही नाही. मामा कोठीवर गेले नाहीत. ‘अन्नछाया’त आजही जेवायला गेलात तर पडद्यावर पूर्ण नाव येतं.

त्या दिवशी पांगापांग झाल्यावर सगळे वाढपी एका टेबलाभोवती बसून आपापली नावं पुन्हा दुरुस्त करत होते. एकमेकांची थट्टा चालली होती. बोरुडे पुन्हा बोरुडे झाला, लोटके लोटके झाला. पुराणिक फोन पुढ्यात ठेवून नुसते बसून होते.

“माझं दोन दिवस असंच राहू दे,” ते शेवटी म्हणाले. “कसं वाटतं ते बघतो.”

मामा टेबल पुसत होते. पुसता पुसता थांबले.

“दोन दिवसांत नाय कळायचं ते, विनायका.”